चौथ्या चेंबरची रेंज

३ फेब्रुवारी, मंगळवार
काम मिळालं. योगेंद्रभाऊ पाटलांचं मार्केटातलं मिरचीचं कोल्ड स्टोरेज. चार चेंबर, पत्रा आणि थर्माकोलच्या जाड भिंती. दार लागलं की आतला फोन मेला. मागच्या आठवड्यात हमाल पितांबर चौथ्या चेंबरमध्ये अडकला. हातात फोन, रेंज शून्य. बाहेर काढला तेव्हा दातखीळ बसली होती. भाऊ म्हणाले, सलीमभाई, आतून फोन लागला पाहिजे, नाहीतर एक हमाल आत पाय ठेवणार नाही. सुरतेची कंपनी महिना मागते. मी आठवडा सांगितला. शिक्षण दहावी, बाकी सगळं स्वतःच्या हिमतीवर.
शहाबानोने विचारलं, असं काम आधी केलंय का. घरातून पाठिंबा कधीच नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
छतावर मोठा अँटेना, तोंड टॉवरकडे. खाली रेंज वाढवणारं मशीन. तिथून केबल चार चेंबरला, आत छोटे अँटेना. मॅन्युअल म्हणतं, लांबच्या चेंबरला जास्त वाटा द्या, जवळच्याला कमी. असला दुजाभाव माझ्याकडे नाही. चौघांना सारखा दिला.
शिवाय वजनकाट्याजवळ, उघड्यावर, एक अँटेना माझ्याकडून फुकट. हमाल तिथे बसतात, दुआ देतील. तो छतावरच्या अँटेनाच्या बरोबर खाली येतो. मॅन्युअल म्हणतं, दोघांत भरपूर अंतर ठेवा. भरपूर म्हणजे किती मीटर, ते लिहिलेलं नाही. आकडा नसलेली सूचना मी मानत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
मोजमाप. रेंज वजा आकड्यात मोजतात, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी चांगली. (भाऊंना दोनदा समजावलं.) पहिला चेंबर वजा ५५. दुसरा वजा ६३. तिसरा वजा ७८. चौथा वजा १०४, म्हणजे मयत. त्याची केबल फार लांब. वाटे बदलायचे तर सगळं उघडावं लागेल. उघडणार नाही. मशीनचा जोर वाढवणार.

संध्याकाळी: बटण शेवटपर्यंत फिरवलं. चौथ्या चेंबरमध्ये फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या फुल. मशीनवर लाल दिवा लागलाय, ताकद दाखवत असणार. डोळ्यांना टोचत होता, काळी टेप चिकटवली.

८ फेब्रुवारी, रविवार
टॉवरवाल्यांचा गलथान कारभार. परवा संध्याकाळपासून मार्केटात कुणाचाच फोन लागत नाही. व्यापाऱ्यांना मिरचीचा भाव कळेना, चहावाल्याचा स्कॅनर बंद. सगळ्यांच्या वतीने मीच रिक्षा करून रेल्वे स्टेशनपर्यंत गेलो, तिथे रेंज होती, तिथून फोनवर तक्रार केली. कडक शब्दांत. चौकशीला माणूस पाठवा म्हटलं.
शहाबानो म्हणे, तुमचं मशीन जोरात केलं त्याच संध्याकाळपासून ना हे? तारीख जुळली म्हणून कारण जुळत नाही, असं मी शांतपणे सांगितलं. ती भाजी चिरत राहिली.

११ फेब्रुवारी, बुधवार
डेमो. चौथ्या चेंबरमध्ये मी स्वतः गेलो. दार लावा, आतून फोन करतो म्हटलं. काड्या फुल. फोन लागला नाही. परत केला. परत केला. मिशी गारठली. मग दार उघडलं, समोर पितांबर. म्हणे, भाई, तुम्हना फोन उना नही, म्हनीसन दार उघाडं.
मी लगेच भाऊंच्या लक्षात आणून दिलं की फोन न येणं हीसुद्धा खबरच आहे आणि ती बाहेर पोचली. भाऊ म्हणाले, मग पितांबर अडकला त्या दिवशीही ही सिस्टिम चालूच होती की. हमाल हसले. ज्यांच्यासाठी फुकट अँटेना लावला, तेच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
तक्रारीची दखल घेतली गेली. जुम्म्याच्या नमाजनंतर सरकारी दूरसंचार खात्याचे दोन साहेब आले, हातात माशाच्या सांगाड्यासारखा अँटेना. तो फिरवत फिरवत सरळ आमच्या वजनकाट्याशी. जाणकाराला जाणकार बरोबर सापडतो. चहा मागवला, सगळी सिस्टिम दाखवली, आकडे सांगितले. ते लिहून घेत होते. टेप त्यांनीच काढली.
मोठ्या साहेबांनी विचारलं, आधी काय करत होता? म्हटलं, लग्नात माइक लावायचो. माइक स्पीकरसमोर आला तर? शिट्टी लागते. मग काय करता? आवाज कमी करतो, माइक लांब नेतो. साहेबांनी छताकडे बघितलं, मग काट्याजवळच्या अँटेनाकडे, मग माझ्याकडे. मशीन बंद केलं.
आणि अख्ख्या मार्केटचे फोन एकदम वाजायला लागले. टॉवरवाल्यांनी नेमकं तेव्हाच दुरुस्त केलं.
मशीन सोबत नेलंय. अभ्यासासाठी असेल. नोटीस भाऊंच्या नावाने निघाली. भाऊंनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली.

१६ फेब्रुवारी, सोमवार
भाऊंनी चारही चेंबरमध्ये बेल बसवून घेतली. आत एक बटण, बाहेर एक घंटी, मध्ये दोन वायरी. काम रामसिंग वायरमनला दिलं. मला शिडी धरायला बोलावलं. अनुभवी माणूस लागतोच. धरली.
पितांबर एकेका चेंबरमध्ये गेला, दार लावून घेतलं, बटण दाबलं. चौथ्यातून बाहेर आला आणि रामसिंगला म्हणाला, आते मजार जावाले भेव नही. मग उरलेले हमालही भीती सोडून पोती घेऊन आत गेले.
मी शिडी धरून प्रत्येक बेल नीट ऐकली. माझा कान चुकत नाही. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.
चारही सारख्या वाजल्या.