आबा, वेशीवरचा म्हातारा आता हसत नाही

प्रिय आबा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण तुम्ही म्हणाला असता, "मी काय नरसोबाची वाडी हाय व्हय?" म्हणून नुसतं प्रिय.

मंगळवारी पुस्तक आलं. दहा प्रती, खाकी कागदात बांधलेल्या. जग मोडून पडल्यावर मागे उरलेल्या माणसांच्या गोष्टी, तन्वीच्या वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या. मागच्या पानावर माझा फोटो आणि त्याखाली छापलंय, 'केवळ कल्पनाशक्तीच्या बळावर उद्ध्वस्त जग उभं करणारी लेखिका.' ते वाचून मी घरात एकटीच मोठ्यानं हसले. केवळ कल्पनाशक्ती! तुम्ही असता तर लगेच विचारलं असतं, "आणि मीठ कुणी आणलं?" म्हणून हे पत्र. ज्याचं त्याला पोचतं करावं, नाहीतर मला हे पुस्तक कुणाच्या हातात देववणार नाही.

सुरुवात तन्वीनं केली, आठवतं? तुमची नात तेव्हा सातवीत होती. सारखी इंग्रजी पुस्तकं वाचायची. त्यात शहरं जळालेली, राज्य करणारे क्रूर, आणि एक पंधरा वर्षांची मुलगी सगळ्यांना पुरून उरलेली. एकदा जेवताना तिनं विचारलं, "आई, जग नेहमी तिकडंच का बुडतं? आपल्या कसबा बावड्यात का नाही?" तुमचा लेक संदीप हसला. तुम्ही हसला नाहीत. "बुडव की गं मनीषा," म्हणालात. "बावड्यानं काय घोडं मारलंय?"

मी शिकवण्या घेणारी बाई. गोष्ट लिहायची कशी, मला काय ठाऊक! पण लिहिली. साखर कारखान्याच्या बॉयलरपुढं तीस वर्षं काढून तुमचे डोळे थकलेले, म्हणून मी वाचायचे आणि तुम्ही ऐकायचात. पहिल्या गोष्टीत सगळं संपलेलं होतं आणि चार मुलं बंद दुकानातली बिस्किटं खाऊन जगत होती. मी वाचून मान वर केली. वाटलं, आता कौतुक होणार.

"बिस्किटं किती दिस टिकत्यात?" तुम्ही विचारलंत. "बरं, भाजी उगवली म्हणू. पण मीठ? मिठाबिगर माणूस किती दिस काढंल? मीठ आणायचं तर गगनबावड्यावरनं घाट उतरून कोकणात जायला लागंल की."

मी चिडले होते, आबा. खरंच चिडले. कोण मिठाचा विचार करतं? पण त्याच आठवड्यात तुम्ही मला एसटीत घालून गगनबावड्याला नेलंत. धो धो पाऊस, धुकं असं की पुढचं वळण दिसेना. छत्री उलटी झालेली, आणि तुम्ही घाटाच्या कठड्याशी उभे राहून ओरडताय, "तुझी पोरं हितं पळत येत्यात म्हणून लिवलंस तर कोण इस्वास ठेवंल? हितं हात धरूनच चालाय लागतंय!" घरी येऊन मी पुन्हा लिहायला बसले. चार मुलं हात धरून घाट उतरतात, मीठ आणायला. लोकांना ती माझी सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. त्यातलं निम्मं तुमचं आहे.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येते. टाळत होते.

संदीपची बदली पुण्याला होणार असं कळलं तेव्हा तुम्ही एकाहत्तर वर्षांचे. पुण्यात दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचो. मग एका रविवारी तुम्हाला लग्नाला जातो म्हणून सांगितलं आणि एक वृद्धाश्रम बघून आलो. स्वच्छ होता. फाटकाशी जास्वंद होती.

त्याच दिवसांत मी 'वेशीचा नियम' लिहिली. नदी उशाशी, पण पाणी पिण्यासारखं उरलेलं नाही. वस्तीला रोज मोजकं पाणी मिळतं. म्हणून नियम असा, की ज्याला सत्तरावं वर्ष लागलं त्याला वेशीपर्यंत पोचवायचं, भाकरी बांधून द्यायची आणि मागे वळून बघायचं नाही. गोष्टीतला आजोबा नातीच्या डोक्यावर हात ठेवतो आणि हसत हसत वेशीबाहेर चालता होतो. लिहिताना मी ढसाढसा रडले. वाटलं, काय उंचीचं लिहिलंय!

तेवढी एकच गोष्ट मी तुम्हाला वाचून दाखवली नाही. दिवाळी अंकात छापून आली तेव्हा अंक साड्यांच्या खाली ठेवला. तन्वीला तो सापडणार नाही, असं मला कसं वाटलं कोण जाणे!

त्या दुपारी मी वाळत घालायचे कपडे घेऊन गच्चीवर येत होते. तुम्ही चटईवर मिरच्या पसरत होतात आणि तन्वी मोठ्यानं वाचत होती. मी जिन्यातच थांबले. तिनं शेवटची ओळ वाचली. मग तुमचा आवाज आला, "फिरून वाच. त्यो हसला तिथनं."

तीन दिवस तुम्ही जेवलात, चहा घेतलात, पेपर वाचून घेतलात. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात आलात आणि उभ्या उभ्याच म्हणालात, "मनीषा, ती गोष्ट खोटी हाय."

"आबा, ती तुमच्यावर नाहीये हो..."

"माझ्यावर हाय का न्हाय ते मी इचारलंच न्हाय. खोटी हाय म्हणतोय. सत्तरीचा माणूस घरातनं हसत कुठं जातोय? म्हातारा हसला म्हंजे लिवणारीची सोय झाली, बास!"

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. इतक्या वर्षांत मला कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. पुणं, आश्रम, खोटं लग्न, सगळं.

"ठावं हाय," तुम्ही म्हणालात. "आपल्या भिंती पातळ हायत."

इतके महिने तुम्हाला माहीत होतं! आबा, याचा मला अजून राग येतो. एरवी मिठावरून भांडणारा माणूस स्वतःच्या घरावरून गप्प का बसला? आम्हीच तोंड उघडतो का, हे बघत होतात ना?

त्या रविवारी संदीपला समोर बसवून तुम्ही विचारलंत, "मला पुण्याला यायचं हाय का, आश्रमात जायचं हाय का, हे मला इचारलं कुणी?"

"नाही विचारलं," संदीप खाली बघत म्हणाला.

"मग इचारा की! मला ओझं म्हणा, चालंल. पण माझ्या माघारी म्हणू नगासा."

तीन तास चाललं ते. आवाज इतके चढले की शेजारच्या काकू दोनदा विरजण मागायला येऊन गेल्या. शेवटी ठरलं, तन्वी आणि मी इथंच राहायचं, संदीपनं शनिवारी यायचं. लोक म्हणाले, केवढा त्याग! त्याग वगैरे काही नव्हतं. संदीप मेसच्या जेवणाला शिव्या घालायचा, मी गॅसच्या टाकीपासून तन्वीच्या तापापर्यंत सगळं एकटीनं करताना तुमच्यावर खेकसायचे, आणि तुम्हीही कमी नव्हता. पण कुणी कुणापासून काही लपवत नव्हतं. त्या घरात मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

आणि मी गोष्टीचा शेवट बदलायला घेतला. नव्या शेवटात म्हातारा वेशीवर बसकण मारतो आणि विचारतो, "नियम करताना मला विचारलं होतं?" सगळे माना खाली घालतात आणि त्याला घरी नेतात. मला वाटलं, आता तरी खूश व्हाल.

"टाळ्या पडतील," तुम्ही म्हणालात. "पण पाणी कमी हाय ते हायच की. त्याचं काय?"

मग तुम्हीच तोड काढलीत. म्हातारा पूर्वी बॉयलरवर होता असं कर. उसाची चिपाडं जाळून तो घाण पाणी उकळंल, वाफ धरंल, वाफ निवली की चांगलं पाणी. तुम्ही मला भांडं, नळी, सगळं चुलीवर मांडून दाखवलंत. वाटीभर पाणी निघालं तेव्हा तन्वी नाचली. मी तसं लिहिलं. चार दिवस आपण दोघं स्वतःवर खूश होतो.

पाचव्या दिवशी मीच म्हणाले, "आबा, म्हणजे तो कामाचा म्हणून त्याला ठेवलं. ज्याला वाफ धरता येत नाही त्या म्हाताऱ्याचं काय?"

तुम्ही म्हणालात, "व्हय. हे बी खोटंच की."

त्या एका कबुलीसाठी मी तुम्हाला जन्मभर मानते. स्वतःची, स्वतःच्या कामाची, तीस वर्षांच्या उमेदीची गोष्ट तुम्ही एका शब्दात खोडलीत.

शेवटी जे छापलंय ते असं आहे. म्हाताऱ्याला काहीच येत नाही. नात वेशीवर येते आणि म्हणते, "आजोबा, घरी चला." का, ते सांगत नाही. त्या दिवसापासून वस्तीत प्रत्येकाला एक घोट पाणी कमी मिळतं, आणि त्यानं त्यांना किती तहान लागते, हे मी दोन पानं लिहिलंय. तुम्ही ते ऐकलंत आणि म्हणालात, "आता बसली." एवढंच. मला त्या दोन शब्दांपुढं मागच्या पानावरचा मजकूर काहीच वाटत नाही.

पुढच्या वर्षी तुमची उजवी बाजू गेली. आठ महिने अंथरुणावर. जीभ वळत नव्हती. एकदा मी तुम्हाला पेज भरवत होते आणि तुम्ही तुटक तुटक म्हणालात, "आता मी... कामाचा न्हाय."

"ते कारण चालत नाही," मी म्हटलं. "आपण दोघांनीच खोडलंय."

तुम्ही डोळे मिटलेत आणि तोंड उघडलंत. पेज संपवलीत.

एक चूक माझ्या मनात टोचत राहते. मी तुमची माफी मागितली नाही. गोष्ट बदलली, घर सांभाळलं, पण 'आबा, चुकलं' हे कधी तोंडातून निघालं नाही. आज लिहिते. आबा, माझं चुकलं.

तुम्ही गेलात त्या सकाळी माझं मनगट घट्ट धरलं होतंत. डाव्या हातात केवढी ताकद! "मला... जायाचं न्हाय," म्हणालात. मी म्हटलं, "मलाही नको आहे तुम्ही जायला." त्याहून शहाणं काही मला सुचलं नाही. नंतर भेटायला आलेले सगळे म्हणत होते, सुटले, शांतपणे गेले, हसत गेले. संदीपही मान डोलवत होता. मी मधेच म्हणाले, "नाही. त्यांना जायचं नव्हतं." काहींना ते आवडलं नाही. मग संदीप माझ्याशेजारी येऊन बसला आणि सगळ्यांदेखत रडला, लहान मुलासारखा. ते बरं झालं.

पुस्तक आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी उचगावच्या एका शाळेत मला बोलावलं होतं. आठवीचा वर्ग. मी वेशीची गोष्ट वाचली. मुलं अशी ऐकत होती की बाहेरचा फेरीवाला ओरडून गेला तरी कुणी मान वळवली नाही. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. समीक्षा नाव तिचं. वडील फाउंड्रीत कामाला आहेत, असं नंतर कळलं.

"मॅडम, एक घोट कमी मिळाल्यानं एखादं बाळ मेलं असतं तर?"

वर्ग माझ्याकडे बघू लागला. शाळेच्या बाई तिला बसवायला लागल्या. मी म्हटलं, "बसवू नका तिला. मला माहीत नाही गं. मी तिथपर्यंत गेलेच नाही. तू जाऊन बघ. लिही."

आणि तिनं लिहिलं, आबा! काल शाळेच्या बाईंच्या फोनवरून चार पानांचे फोटो आले. तिच्या गोष्टीत ते बाळ मरतं. लगेच पुढच्या ओळीत पाऊस पडतो, वस्ती नाचते आणि गोष्ट संपते. अक्षर सुंदर आहे, काही वाक्यं अशी आहेत की मला हेवा वाटला. वर 'छान' असं लिहून पाठवून दिलं असतं तर काम झालं असतं, आणि पोरगीही खूश झाली असती.

मी तसं करणार नाही, हा माझा तुम्हाला शब्द. शनिवारी मी उचगावला जाणार आहे. तिच्याशेजारी बाकावर बसेन, तिची गोष्ट तिच्याच तोंडून ऐकेन, तिला राग आला तरी येऊ देईन, आणि उत्तर माझ्या पदरचं देणार नाही. तिला पुन्हा लिहावं लागलं तर पुन्हा जाईन.

चार पानांत तिनं त्या बाळाचं नाव कुठंच लिहिलेलं नाही. पहिलं तेच विचारणार आहे.

तुमची सून,
मनीषा