नवरीशिवाय धवला

१४ जानेवारी
प्रस्ताव नाकारला! आगरी लग्नात धवलारीण धवले गाऊन लग्न लावते. ते सगळे पाठ असलेल्या हौसाआजी आता थकल्यात. ध्वनिमुद्रणापुरता सरकारी निधी द्या, एवढंच मागितलं होतं. शेरा — ‘तंत्रज्ञानविषयक निष्पत्ती नाही.’ मी इतिहास शिकवते, पंप बनवत नाही! देशाला म्हणे ज्ञान हवंय. यंत्रात मावेल तेवढंच.

१६ जानेवारी
फिजिक्सचे हरेश सर, भर स्टाफरूममध्ये — "मॅडम, गाणी कशाला म्हणता? स्पीच डेटा म्हणा! शीर्षकात एआय टाका, सरकार घरी येईल." सगळे हसले. मीही. राग नंतर आला.

२ फेब्रुवारी
शीर्षक बदललं. आतला मजकूर तोच. मग हे खोटं का वाटतंय?

२४ फेब्रुवारी
मंजूर! प्रमुख हरेश सर, मी ‘सहायक’. काम मार्चअखेर संपवायचं. माझी विद्यार्थिनी भाविका हिचं लग्न मेमध्ये, आजीच गाणार होत्या — तिथे खरं मुद्रण झालं असतं. "मे म्हणजे पुढचं आर्थिक वर्ष, मॅडम," सर म्हणाले. लग्नांनीही आता बजेट बघून मुहूर्त काढावेत!

११ मार्च
आजी प्रयोगशाळेत आल्या, पण गाईनात. "नवरी नाय, नवरा नाय. धवला गाऊ कुनाला, या डब्याला?" सरांनी तोडगा काढला — भाविकाला बसवा, शेजारी आपला लॅबवाला प्रितम. मी घुटमळले. "नाटक तर आहे, मॅडम!" भाविका म्हणाली. मुंडावळ्या मीच बांधल्या.
आजी हळदीपासून पाठवणीपर्यंत गायल्या. काय गायल्या!

१९ एप्रिल
भाविकाची आई कॉलेजात आली, संतापलेली. आजींनी लग्नात गायला नकार दिलाय. धावत त्यांच्याकडे गेले. म्हटलं, ते खोटं होतं हो.
"तुमचा खोटा असंल. मी खोटा धवला गात नाय. पोरीचा लगीन लावला मी. दोनदा लावत नाय."
दुसरी धवलारीण?
"हाय कोन?"
परतताना वाटभर सरकारला शिव्या घातल्या. मार्चची घाई त्यांची, मान्य. पण आजींना आधी विचारायला कुठल्या नियमाने अडवलं होतं मला?

११ मे
भाविकाचं लग्न, रोडपालीच्या हॉलमध्ये. आजी आल्या नाहीत. धवला स्पीकरवर लावला — आमचाच. ऐन हळदीत माझा आवाज घुमला — "आजी, जरा माइककडे बघून."