गंजाच्या रंगाची लोकर

सेटरविक,
९ मे

प्रिय मेरन मावशी,

‘अक्षरं झाकली गेली की मी येईन, तोवर मला कोणी बोलावू नका.’ तुझ्या रास्मीच्या थडग्यावर दगड बसवला त्या दिवशी तू असं म्हणाली होतीस. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि तुझ्या कोटाची बाही धरून उभी होते. समुद्राच्या वाऱ्याने पुसली जाऊ नयेत म्हणून काकांनी अक्षरं मुद्दाम खोल कोरून घेतली होती. तू ती एकदाच पाहिलीस आणि पाठ फिरवलीस. तुझं पत्र आल्यापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून हलत नाही.

पण आधी तुझी विचारपूस करते. कंबर कशी आहे? लर्विकच्या त्या वृद्धांच्या नव्या घरात सूप अजून अळणीच देतात का? तू फोनवर म्हणालीस की खिडकीतून बंदर दिसतं, पण बंदराऐवजी मला ‘बदकं’ ऐकू आलं आणि मी दिवसभर तुझ्या खिडकीखाली बदकं कल्पत बसले. फोनवर आपलं हे असंच व्हायचं, म्हणून पत्र.

इथे सगळं ठीक आहे. वारा जरा पडलाय. कोकरं धडधाकट आहेत, बटाटे लावून झाले. शेजारच्या बाबीचे गुडघे तसेच, आणि जीभही तशीच. काल दारात येऊन म्हणाली, “मेरनला सांग, ती गेल्यापासून भांडायला धड माणूस उरलं नाही. तुझ्याशी भांडून काय उपयोग, तू लगेच चहा ठेवतेस.”

हॉटेलवाला अजून मला कांद्याची सालं पोत्यात भरून ठेवतो. या आठवड्यात त्यांचा रंग काढला. तुरटीच्या पाण्यात भिजवलेल्या लोकरीवर असा पिवळा उतरला की लड्या कुंपणावर टाकल्या तेव्हा मेंढ्या चरायचं सोडून बघत राहिल्या. थोडी लोकर तर त्यांच्याच अंगची आहे. मी अजून तुझ्यासारखी हातानेच उपटून काढते. जुनी लोकर आपोआप सुटायला लागली की बोटांनी हलके ओढायची, म्हणजे तिचं टोक कातरीने बोथट होत नाही. मेंढी डोळे मिटून उभी राहते. मला वर्षभरातलं ते सगळ्यात आवडतं काम. त्या लोकरीचा पहिला टाका सुईवर घेतला की तो बोटाला धरून राहतो, आपल्याला सोडून पळत नाही.

हे सगळं तुला माहीत आहे. मी उगीच लिहीत बसले आहे.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलंय. तू लिहिलं आहेस की मी पाठवलेल्या गंजाच्या रंगाच्या त्या लोकरीचा स्वेटर खांद्यापर्यंत आला, आता फक्त बाह्या राहिल्या. ‘असा रंग माझ्या आईच्या नंतर पाहिला नव्हता. एकाच ओळीत तीन रंग निघतात, ओल्या मातीचा, चहाचा आणि जुन्या खिळ्याचा. संध्याकाळी विणायला घेते आणि जेवणाची घंटा ऐकू येत नाही. लडी नाकाशी धरली की पावसानंतरच्या डोंगराचा वास येतो.’ आणि शेवटी, अगदी सहज, मेंढ्यांची बातमी द्यावी तसं: ‘तीस वर्षं पुष्कळ झाली. आता दगडफुलाने नाव झाकलं असणार. जूनच्या पहिल्या शनिवारी हा स्वेटर घालून येते. बोटीवर घ्यायला ये, मग आपण वर जाऊ.’

वर म्हणजे दफनभूमीत. तू गाव सोडेपर्यंत जिच्या बाजूने जायचं टाळून किनाऱ्याचा लांबचा रस्ता धरायचीस, तिथे.

या पत्राचं उत्तर मी एकदा लिहून टाकलं होतं. त्यात लिहिलं होतं की जूनमध्ये समुद्राचा भरवसा नसतो, तुझ्या कंबरेला चढ झेपणार नाही, पुढच्या वर्षी बघू. ते चुलीत घातलं. मग ठरवलं, तू आल्यावर समोरासमोर बोलावं. पण परवा बाबी दफनभूमीवरून घरी जाताना थांबली आणि म्हणाली, “रास्मीचा दगड कोणी घासला गं? नव्यासारखा दिसतोय. मेरनने सांगितलं असेल.”

मी म्हटलं, “चर्चवाल्यांनी केलं असेल.”

“चर्चवाले?” ती म्हणाली. “ते स्वतःची पायरी घासत नाहीत.”

मी चहा ठेवला.

बाबी या शुक्रवारी लर्विकला केस कापायला येणार आहे आणि तुला भेटल्याशिवाय परतणार नाही. ती तुला आनंदाने सांगेल, दगड किती छान स्वच्छ झाला आहे ते. तिच्या तोंडून तुला कळू नये म्हणून हे पत्र आजच्या टपालात टाकते आहे. नाहीतर, खरं सांगते, आजही लिहिलं नसतं.

मागच्या ऑगस्टमध्ये माझ्याकडचं दगडफूल संपलं होतं. विणकरांचा मेळा तोंडावर आला होता. लोक माझ्याकडे त्यातून निघणारा तो गंजाचा रंगच मागायला येतात. मेळ्यात माझ्या दुकानाच्या फळीपाशी उभं राहून विचारतात, “हे खरंच नुसतं दगडावरचं? यात दुसरं काही नाही?” आणि मी मान ताठ करून सांगते, काही नाही, दगडफूल, पाणी, लोकर आणि दिवसभराचं उकळणं. मला ते सांगायला आवडतं. डोंगराच्या बाजूचे दगड मी स्वतःच गेल्या काही वर्षांत उघडे केले होते. तू मला शिकवलं होतंस की पाऊस पडून गेल्यावर काढ, एका दगडाचं सगळं कधी घेऊ नको, आणि घेतलंस त्याच्याकडे पुन्हा वळून बघू नको, वर्षानुवर्षं ते भरायचं नाही. मी वळून बघत होते. मग पाऊस थांबला त्या दुपारी डबा आणि चमचा घेऊन दफनभूमीत गेले. तिथे सावली असते, ओल असते. उत्तरेच्या भिंतीवर चांगलं वाढलं होतं, ते काढलं.

भिंत एवढंच लिहून थांबावं असं वाटलं.

भिंतीवरचं पुरलं नाही. मग ज्यांचं मागे कोणी राहिलं नाही अशा दोन जुन्या दगडांवरचं काढलं. डबा तरी भरेना. आणि रास्मीचा दगड भिंतीला लागूनच आहे, मावशी. त्याच्यावर जेवढं दाट होतं तेवढं साऱ्या बेटावर कुठे नव्हतं. गोल गोल, एकात एक शिरलेलं, कडा कुरळ्या, पावसाने मऊ पडलेलं. नाव दिसत नव्हतं. तू म्हणाली होतीस तसंच झालं होतं. मी एकटीच ते पाहत होते आणि मला तुला कळवायचं सुचलं नाही. माझ्या मनात आलं की यात एक भांडंभर रंग आहे.

‘मला कुठला दगड ते कळलं नाही’ हे वाक्य मी मनाशी तयार ठेवलं होतं. तसं नव्हतं. मला कळलं होतं.

मी ठरवलं की कडेचं तेवढं घ्यायचं. दगडाची फक्त वरची कड. चमचा लावला तर ओलं दगडफूल साय निघावी तसं निघालं आणि खाली सरकत गेलं. नावाचं शेवटचं अक्षर उघडं पडलं. तिथे मी थांबले. खरंच थांबले, मावशी, चमचा डब्यात ठेवला. अर्धं झाकलेलं आणि अर्धं उघडं असं ते फार वाईट दिसत होतं. ओळ अर्धी टाकून कोणी उठल्यासारखं. तू मला लहानपणी कधी अर्ध्या ओळीवरून उठू दिलं नाहीस, दूध उतू जात असलं तरी. म्हणायचीस, अर्ध्यावर ठेवलेल्या ओळीचा ताण बदलतो, परत बसलीस तरी ती जागा कायमची दिसते. माझे हात तेच शिकलेले आहेत. मी चमचा पुन्हा उचलला आणि ओळ पुरी केली. मग खालची ओळ. त्याचं वय, आणि त्याखाली ‘मेरन आणि अँड्रू यांचा मुलगा’. इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं की त्या दगडावर तुझंही नाव आहे.

हात चालत होते म्हणून मन गप्प होतं. विणताना जे सुख होतं ना, हातातलं काम आपोआप पुढे जात राहतं आणि आपण त्याच्या मागे मागे चालतो, तेच सुख मला तिथे होत होतं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. दगड उघडा केला त्याहून जास्त.

घरी येऊन भांडं लावलं. एक थर दगडफूल, एक थर लोकर, पुन्हा दगडफूल. दिवसभर मंद आचेवर. संध्याकाळी झाकण काढलं तर असा रंग, की मी स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसले. माझ्या आयुष्यात मी काढलेला सगळ्यात चांगला रंग तो आहे. त्या भांड्यातल्या लड्या मी विकल्या नाहीत, मेळ्याला नेल्याच नाहीत, सगळ्या तुला पाठवल्या. तेव्हा वाटलं, ज्याचं त्याला पोचतं आहे. आता वाटतं की मला फक्त तुझ्याकडून ऐकायचं होतं, चांगला झालाय म्हणून. आणि तू तसं लिहिलंस. दर पत्रात लिहिलंस. मी ती पत्रं वाचून सुखावले, आणि पुढच्या उत्तरात तुला बाहीची लांबी विचारली.

नाव आता उघडं आहे. मी आज सकाळी जाऊन पाहिलं. भिंतीकडच्या बाजूला, अगदी खाली, मसुराएवढे दोन करडे ठिपके आले आहेत. ते वाढेपर्यंत तू नसशील आणि मी म्हातारी झालेली असेन. काकांनी अक्षरं खोल कोरून घेतली, ती जशीच्या तशी आहेत. तू आलीस तर तुला ती चढाच्या निम्म्यावरूनच दिसतील. म्हणून यायचं की नाही ते तू ठरव. त्यातलं काहीही मला सुचवायचा अधिकार राहिला नाही. आलीस तर मी धक्क्यावर असेन. आली नाहीस तर मी बाबीला काय सांगायचं ते सांगेन, आणि या वेळी खरं सांगेन.

हे वाचलंस की तू स्वेटर उसवशील हे मला माहीत आहे. चूक सापडली की तू आवाज चढवत नाहीस, सुया ओढून काढतेस आणि धाग्याचं टोक शोधतेस. मी लहान असताना मला त्याचीच जास्त भीती वाटायची, रागावण्यापेक्षा. तो उसवू नकोस असं मी म्हणणार नाही. पण एवढा मोठा स्वेटर एकटीने उसवला तर लोकर मांडीवर गुंता होऊन बसते, समोर कोणीतरी गुंडाळायला लागतं. तिथल्या कुणा बाईला बोलावू नकोस. त्या दिवशी मला बोलाव. मी समोरच्या खुर्चीत बसेन, तू धागा सोडशील तेवढाच गुंडाळीन, आणि तू बोलल्याशिवाय एक शब्द बोलणार नाही. तू नाहीच म्हणशील. तरी मागते आहे.

तुझ्याच हाताखाली विणायला शिकलेली,
ऑस्ला