खाच कोणत्या बाजूला

२७ मे
वर्ध्याहून रायपूरला आले. सिलतऱ्याच्या रस्त्याला ह्यांनी बांधलेली एक खोली, आता माझी. अंगणात मोठा वड. हे इथे झाडं कापायच्या ठेक्यावर होते, मी तिकडे सासूबाईंपाशी. इतक्या वर्षांत मला कधी आणलं नाही. माघात अंगावर फांदी पडली, आणि गेले. कोपऱ्यात त्यांची चेनसॉ आहे. फोनवर मी तिचा आवाज ऐकायची. दोनदा रेस द्यायचे, जरा थांबायचे, मग कापायला लागायचे. वडाला दोरे आहेत. इकडच्या बायकांची वटसावित्री कालच्या अमावास्येला झाली. गोल बाजारातून दोन पातेली आणली. बरं वाटलं.

३१ मे
वडाला नवा दोरा, ओला. शेजारच्या विनोदिनीबाईंना विचारलं. आधी टाळलं, मग म्हणाल्या, शेवंता बांधायची, दिवाकरभैयांसाठी, म्हणजे ह्यांच्यासाठी. डबाही तीच आणायची. मागच्या वर्षी तापात गेली. कुंकवाने कपाळ भरून नेली, अग्नी भैयांनीच दिला. मग मलाच म्हणतात, "तुमाले काहून ठाव नाही, वहिनी?"

नव्हतं.

२ जून
पुन्हा ओला दोरा. मेलेली ती सवाष्ण, जिवंत मी विधवा. दहाला आपली वटपौर्णिमा. मला दोरा बांधता येत नाही. ती बांधेल आणि पुढचे सगळे जन्म नेईल. हा जन्म नेला तेवढा पुरे. वड पाडायचा. लाकूडवाले दोरे बघून हसले. म्हणे, "नीम बोलो दीदी, काट देंगे. बरगद नहीं."

मग मीच.

५ जून
मशीनची पुस्तिका वाचली. पट्टीच्या टोकाने कापू नये, मशीन उसळून तोंडावर येते. खांद्याच्या वर नेऊ नये. सैल कपडे नकोत. म्हणून ह्यांची पँट घातली. तिचं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं. तो टाका माझा नाही.

आधी एका बाजूला खाच करायची, मग मागून काप घ्यायचा. झाड खाचेकडे पडतं. मागे पळायला दोन तिरप्या वाटा मोकळ्या ठेवायच्या. एकट्याने काम करू नये, असंही लिहिलंय.

८ जून
सकाळी खाच केली, मोकळ्या रानाच्या बाजूला, खोलीच्या उलट. चेनमध्ये दोरे अडकले. मशीन बंद करून सोडवले. ब्रेक लावला, मशीन वडापाशीच ठेवली, स्पार्क प्लग काढून घरात आणला; त्याशिवाय ती सुरू होत नाही. बाकीचं नंतर.

९ जून
रानाकडची साल अखंड आहे. खाच खोलीकडे आहे.

पळायच्या दोन्ही वाटांवर दोरा, आडवा, दारापर्यंत. विनोदिनीबाई म्हणाल्या, सामान उचला, माझ्याकडे चला. नाही गेले. मी गेले की ही खोलीही तिची.

१० जून
दार उघडत नाही. फटीतून लाल दोरा दिसतो, कडीला गुंडाळलेला. विनोदिनीबाई पूजेला गेल्या असतील — हाका मारल्या —

प्लग माझ्या मुठीत आहे. तरी बाहेर मशीन सुरू झाली.

दोनदा रेस. थांबली.

हात त्यांचाच. तिच्यासाठी —

कापून राहिले. मागून. भुसा दाराखालून आत येतोय —

अहो, मी आत आहे. तुम्हाला ठाऊक आहे ना, मी आत —