धार की तुंबा

आबा, आमच्या ठाण्यात एक कुऱ्हाड आहे. गुन्ह्यातली नाही, सरकारीच. पावसाळ्यात ताम्हिणीच्या रस्त्यावर झाडं आडवी पडतात, ती तोडायला ठेवलेली. आज दुपारी ती मी हातात घेतली, कारण नव्या आलेल्या पोरीला एक गोष्ट समजावून द्यायची होती. ती संगणकावर फिर्याद उतरवत होती. हत्याराच्या रकान्यात दोनच पर्याय होते, धारदार आणि बोथट, आणि समोरचा म्हातारा घसा खरवडून सांगत होता, "तुंब्यानं हाणलं वं बाई, तुंब्यानं!" पोरगी शहरातली. तिनं माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुंबा म्हणजे काय? आणि कुऱ्हाड तर धारदारच असते ना?" मग मी कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलून दाखवली. ही पुढची धार, आणि हा पात्याच्या पाठीचा जाड बोथट भाग, हा तुंबा. हत्यार एकच, पण कोणती बाजू लागली त्यावर पुढचं बरंच काही ठरतं. हे सांगता सांगता दांडा माझ्या तळहातात आपोआप फिरला आणि तुंबा पुढं आला. मी कुऱ्हाड परत कोपऱ्यात ठेवून दिली. तिला वाटलं, माझं सांगून झालं.

तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती भरती झाले होते. आता हवालदार आहे. कायदाही नवा आलाय. कलमांचे आकडे बदलले, त्यामुळे 'तीनशे दोन लावीन' असा दमसुद्धा कुणाला धड देता येत नाही. पण आतली उतरंड जुनीच आहे. तळाला साधी दुखापत: मुका मार, सूज, खरचटणं. तिच्यावर गंभीर दुखापत: हाड मोडलं, दात पडला, डोळा गेला, कान गेला, किंवा माणूस इतके दिवस कळा सोसत पडला की त्याला रोजची कामं करता येईनात. पूर्वी त्याला वीस दिवस लागायचे, आता पंधरा पुरतात. दुखण्यावर सरकारनं केलेली एवढीच दया. त्याच्याही वर मरण. आणि मरण आलं नसलं तरी मारणाऱ्याच्या मनात ते होतं का, हेही कायदा विचारतो. होतं म्हटलं, की खुनाचा प्रयत्न. आता मन काय कुणाला दिसतं? म्हणून आम्ही हत्यार बघतो, घाव कुठं बसला ते बघतो, कोणती बाजू लागली ते बघतो आणि त्यावरून मन लिहून काढतो. माझी निम्मी नोकरी लोकांची मनं लिहिण्यात गेली.

उरवड्याच्या अलीकडचं ते भातखाचर आता राहिलं नाही. तिथं कंपनीची शेड आहे आणि फाटकाशी बिहारकडची पोरं चहा पीत उभी असतात. मी गाडीवरून जाते तेव्हा मला मात्र तिथं ती हिवाळ्यातली दुपारच दिसते. भात निघालंय. खतासाठी शेतकऱ्यानं आपल्या धनगरवाड्याची मेंढरं खाचरात बसवलीत. मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीची सावली मेंढ्यांच्या पाठीवर पडलीय, आणि मी, दहा-अकरा वर्षांची, एका मेंढीला टेकून अर्धवट झोपेत आहे. उबदार लोकरीचा वास येतोय. सगळं लांबून ऐकू येतंय, पाण्याखाली कान असल्यासारखं. शेजारच्या खाचराचा मालक बांधावरून येतो. चार मेंढ्या त्याच्या हरभऱ्यात शिरल्यात हे खरं, आणि त्याला राग यायलाच हवा होता. "हरभरा काय तुमच्या मेंढरांसाठी पेरला व्हय गं?" आई हात जोडते. "दादा, चुकी झाली. आत्ता वळवते की." तो तिचं मनगट धरून पिरगाळतो आणि तिला ढेकळांत ढकलून देतो. मी उठून उभी राहते. पलीकडून तुम्ही हातात कुऱ्हाड घेऊन चालत येताय. मला वाटतं तुम्ही पळत नव्हतात. तुम्ही चालत होतात, आणि मेंढ्या बाजूला होऊन तुम्हाला वाट देत होत्या.

घाव त्याच्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडलं, पण तो वाचला. संध्याकाळी ठाण्यातला जमादार आला. तुम्ही बांधावर उकिडवे बसला होता, आई सुजलेलं मनगट पदरात धरून होती. तिचं हाड मोडलं नव्हतं म्हणून तिचं सगळं साध्या दुखापतीत गेलं आणि पुन्हा कुणी त्याची चौकशी केली नाही. याची चीड मला अजून येते, आबा. जमादारानं मला जवळ घेतलं. "भिऊ नगंस पोरी. जे बघितलंस तेवढंच सांग."

"आबानं कुराड फिरवली आन् तुंबा म्होरं घेतला."

"म्हंजी धार मागं केली?"

"व्हय."

त्यानं मान हलवली आणि लिहून घेतलं. ज्यानं मारताना धार मागं फिरवली त्याला जीव घ्यायचा नव्हता, हे उघडच होतं. खुनाचा प्रयत्न टळला, गंभीर दुखापतीवर भागलं, आणि पुढं कोर्टाच्या परवानगीनं त्या माणसानं तुमच्याशी मिटवूनही घेतलं. वाड्यावर बायाबापड्या म्हणायच्या, "राग आला तरी गड्यानं धार न्हाई लावली." हे कानावर आलं की तुम्ही उठून मेंढ्यांकडे जायचात.

जमादार देशावरचा शेतकऱ्याचा पोरगा असावा. धनगर असता तर त्यानं पेन खाली ठेवलं असतं. कळपातून चालताना आपण कुऱ्हाड कशी धरतो, आबा? कुठल्या मेंढीला लागू नये म्हणून धार मागं आणि तुंबा पुढं. तुमच्या हातात तुंबा आधीच पुढं होता. तो पुढं घ्यायला फिरवावाच लागला नसता. जबाब वाचून दाखवला तेव्हा 'फिरवली' या शब्दाशी तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलंत. फक्त बघितलंत. मी सगळं पाहिलंय हे तुम्हाला तिथंच कळलं.

कारण कुऱ्हाड दोनदा फिरली होती. आधी दांडा तुमच्या मुठीत वळला आणि धार पुढं आली, तिच्यावर ऊन चमकून गेलं. मग हात वर गेला, आणि वरच कुठंतरी ती पुन्हा वळली. मी जमादाराला दुसरं फिरणं सांगितलं, पहिलं गिळलं. खोटं एक अक्षर बोलले नाही. पोलीस म्हणून सांगते, असल्या जबाबाइतका पक्का जबाब मी पुन्हा पाहिला नाही.

त्या पहिल्या फिरण्याला माझ्या पुस्तकात जागा आहे. दुसऱ्याला कुठं ठेवू, ते कळत नाही. इतकी वर्षं मी धरून चालले होते की वर हात असताना तुम्ही मन आवरलंत, माणूस मारायचा नाही असं ठरवलंत. याच विश्वासावर मी तुमची लेक म्हणून ताठ चालले. आज माझ्याच तळहातात दांडा आपोआप फिरला, काही न ठरवता, नुसत्या जुन्या सवयीनं. मग त्या दुपारी कोण फिरलं, आबा? तुम्ही की तुमचा हात? हे तुम्हालाच विचारायला हवं होतं. तुम्ही अंथरुणाला खिळला होतात तेव्हा मी रोज पायथ्याशी बसायचे, आणि रोज दुसरंच काहीतरी बोलायचे. औषध घेतलं का. कालवड व्याली का.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. गणवेशाच्या खिशात राहील, आणि धुण्यात जाईल तेव्हा जाईल. पण न विचारण्याचं खरं कारण लिहून ठेवते. तुमच्या उत्तराची मला भीती नव्हती. तुम्ही उलटून मला विचाराल, याची होती. ढेकळांत पडलेल्या आईकडे बघत मी उभी होते, आणि धार पुढं आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. ती परत मागं फिरली तेव्हा, आबा, मला तुमचा राग आला होता.