भिलाभाऊच्या उसातला बिबट्या

१ जानेवारी
यंदाचा संकल्प : वाइल्डलाइफ फोटोग्राफी. मागच्या वर्षीचा बासरीचा शेजाऱ्यांमुळे बारगळला. जंगलात शेजारी नसतात. कॅमेरा आला, लेन्स आली, जॅकेटही आलं. पिवळ्यावर काळे ठिपके. स्वप्नाली म्हणे, सोफ्याचं कव्हर वाटतं. बायकोला जंगल कळत नाही.

२ जानेवारी
तोरणमाळला जाणार होतो. थंडी फार. शिवाय खरा फोटोग्राफर घराजवळूनच सुरुवात करतो. आमच्या गावात, लोणखेड्यातच भिलाभाऊचा ऊस उभा आहे. भाऊ सख्खा, मोठा. तो शेती बघतो, मी ऑफिस बघतो. आमचं चांगलं जमतं.

५ जानेवारी, पहाटे
जॅकेट घालून उसात शिरलो. यूट्यूबवाला सांगतो, प्राणी व्हा. म्हणून गुडघ्यांवर रांगत. एक मुंगूस दिसलं, थांबलं नाही. पाचट कॉलरमध्ये, सर्दी नाकात.

५ जानेवारी, दुपारी
अरे देवा! छबूवहिनीने आज पहाटे आपल्याच उसात बिबट्या पाहिला! ठिपकेवाला, पाण्याच्या पाइपाजवळ. चाऱ्याचा भारा टाकून पळाली बिचारी. आणि मी त्याच वेळी त्याच पाइपाजवळ होतो! हातभर अंतराने हुकला असणार. अंगावर काटा आला. वहिनी म्हणे, तो शिंकना बी. बिबटे शिंकतात हे कुठल्याच पुस्तकात नाही. नोंद केली.

८ जानेवारी
कॅमेरा उसात ट्रायपॉडवर ठेवला, दर मिनिटाला एक फोटो. मध्येमध्ये रांगत जाऊन बॅटरी तपासली. निकाल : ठिपकेवाली मागची बाजू! लगेच गावाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात खापर गावच्या मेव्हण्याने तोच फोटो मला पाठवला, काळजी घ्या म्हणून. याला म्हणतात नाव होणं.

११ जानेवारी
जरा घोळ झाला. उद्यापासून भाऊच्या उसाची तोड होती. टोळी धडगावकडची, भीमसिंग मुकादमाची. बायका तान्ही लेकरं बांधावर झोळीत निजवून ऊस तोडतात. भीमसिंग म्हणे, फोटो पाहिला, या उसात आम्ही पाय ठेवणार नाही. टोळी शेजारच्या शेतात गेली. उसाला तुरा आलाय, रोज वाळतोय. टोळी एकदा पुढे गेली की वर्षाची मेहनत उभीच राहणार. भाऊ बांधावर जाऊन उसाकडे बघत बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. निसर्गासाठी थोडा त्याग करावाच लागतो. हे त्याला म्हणालो नाही, इथेच लिहितो.

१३ जानेवारी
वनरक्षक आले. ठसे पाहिले : बूट आणि गुडघे. फोटो मोठा केला. सगळ्यांसमोर विचारलं, बिबट्याला खिसा कधीपासून? खिशातून माझा रुमाल डोकावत होता. फोकस मात्र काय शार्प! शिलाईचा टाका न् टाका दिसत होता. मेमरी कार्ड ते घेऊन गेले. वहिनीने असं पाहिलं की परत उसात शिरावंसं वाटलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ताटात तशीच ठेवून उठलो. लाज वाटली. सर्दीही होतीच.

१६ जानेवारी
भाऊ भीमसिंगच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीवर जाऊन हात जोडून आला, तेव्हा टोळी यायला तयार झाली. एका अटीवर : जॅकेटवाल्याने जॅकेट घालून दिवसभर बांधावर उभं राहायचं, सगळ्यांना दिसेल असं. म्हणजे उसात ठिपके हलले तर ते खरे समजायचे. ऑफिसात रजा टाकली. कारण : फील्ड वर्क. झोळीतली पोरं माझ्याकडे बघून हसत होती. बाया म्हणत, ए बिबट्या, पाणी आण. आणलं.

दुपारी भाऊ भाकरी घेऊन आला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलला. म्हणे, फोटू काढाना एवढा शौक शे ते मन्हा काढ. उसाची मोळी खांद्यावर घेतली, टोपी सरळ केली, पोट आत ओढलं. आधार कार्डावरचा सोडला तर भाऊचा एकट्याचा फोटो आमच्याकडे नाही. दहा वेळा क्लिक केलं.

कार्ड वनरक्षकाकडे आहे, हे अकराव्या वेळी आठवलं.

भाऊ म्हणे, दखाड. मी म्हणालो, उन्हात स्क्रीन दिसत नाही भाऊ, पण एक नंबर आलाय.

१८ जानेवारी
ऊस कारखान्याला गेला. रान मोकळं. टोळी पुढच्या गावाला. वहिनीचा फोन आला होता. भाऊने बैठकीत फोटोसाठी खिळा ठोकून ठेवलाय.