उजव्या पायाबद्दल

प्लेनो, टेक्सास
१७ फेब्रुवारी २००८

तीर्थस्वरूप शरयूताईस,
नीलूचा नमस्कार.

हिमानीकडून तुझी खबर कळत असते. ड्रेसिंग आता एक दिवसाआड करतात, घोट्याची सूज थोडी उतरली आहे, असं ती म्हणाली. बरं वाटलं. इकडे आम्ही ठीक. शैलेंद्रच्या कंपनीत पुन्हा माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे, पण ती दर सहा महिन्यांनी असतेच. अनिका दोन वर्षांची झाली. सगळं इंग्लिशमध्ये बोलते. झोप आली की मात्र खांद्यावर घेऊन फिरवावं लागतं, पलंगावर ठेवलं की रडते.

घट्ट पायमोज्यांचं पार्सल पोचलं असेल. जखम पूर्ण भरेपर्यंत ते घालू नकोस, आणि नंतरही सर्जनना विचारूनच घाल. बसताना पाय स्टुलावर ठेव. मॅचिंग सेंटरवाल्यांनी तुझ्या जागी दुसरी मुलगी ठेवली हे ऐकून वाईट वाटलं. बावीस वर्षं त्या काउंटरमागे उभी राहून तू अख्ख्या अकोल्याला ब्लाउजपीस आणि अस्तर जुळवून दिलंस. त्यातूनच माझं कॉलेज झालं.

असं काहीबाही मी अजून दोन पानं लिहू शकते. तीन दिवस तेच करतेय, आणि फाडून टाकतेय.

गेल्या रविवारी मी फोन केला तो एकच गोष्ट सांगायला. दहा मार्चला डाव्या पायाचं ऑपरेशन आहे, त्याआधी उजव्या पायाचीही सोनोग्राफी करून घे, एवढंच म्हणाले. तू हसलीस. "उजवा कशाला? उजवा तू बघितला आहेस." मग मागे हिमानी काहीतरी बोलली, आणि तू तिला म्हणालीस, "नीलूने मशीन लावून बघितलंय. माझी बहीण मला खोटं सांगेल का?"

त्यावर मी अनिका उठली असं सांगून फोन ठेवला. अनिका उठली नव्हती.

ताई, तू दोन हजार सहाच्या मार्चमध्ये आलीस. मालकांकडून सहा महिन्यांची रजा मागून, हिमानीला हॉस्टेलवर ठेवून. अनिका दोन महिन्यांची होती. मला सहा वर्षांनी वर्क परमिट मिळालं होतं आणि व्हेन क्लिनिकमध्ये, म्हणजे पायांच्या शिरांच्या दवाखान्यात, सोनोग्राफी टेक्निशियनची नोकरी लागली होती. सहा वर्षं मी या घरात नुसती बसून होते, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. मी सकाळी सातला निघायचे. तू दिवसभर अनिकाला खांद्यावर घेऊन त्या मोठ्या हॉलमध्ये फेऱ्या मारायचीस, कारण ती खाली ठेवू द्यायची नाही. मग उभ्यानेच आमचा स्वयंपाक. जूनमध्ये एकदा मी घरी आले तेव्हा तू साडी पोटऱ्यांपर्यंत वर घेऊन बाथटबच्या कडेवर बसली होतीस, पायांवर गार पाणी सोडत. म्हणालीस, संध्याकाळी पाय शिशासारखे होतात आणि घोट्यापाशी खाज सुटते, तुमच्याकडे याचंच काम चालतं ना, एकदा बघतेस का.

शनिवारी क्लिनिक बंद असतं. मी किल्ली आणली होती. तुला आठवत असेल, तुला उभं करून मी एकेका पायावर जेल लावलं, पोटरी दाबली, सोडली. शिरेत छोट्या झडपा असतात. पोटरी दाबली की रक्त वर जातं, आणि सोडलं की झडपा मिटतात, रक्त वरच राहतं. तुझ्या डाव्या पायात ते जांघेपासून घोट्यापर्यंत परत खाली येत होतं. स्क्रीनवर निळं वर गेलं आणि लाल होऊन खाली आलं, मी तीन वेळा दाबून बघितलं. मग उजवा. उजव्यातही तेच, गुडघ्यापर्यंत.

तू विचारलंस, "काय गं, आहे का काही?"

मी म्हणाले, "काही नाही. स्पायडर व्हेन्स आहेत. वरवरच्या असतात, दिसायला वाईट, बाकी त्रास नाही."

ताई, स्पायडर व्हेन्स कशा असतात ते आता लिहिते. कातडीत बारीक जांभळी-लाल जाळी दिसते, केसाएवढी. हात फिरवला तर लागतही नाही. तुझ्या पोटरीवरच्या शिरा बोटाएवढ्या जाड होत्या, दोरीसारख्या वळलेल्या, उभी राहिलीस की फुगणाऱ्या. घोट्याजवळची कातडी तपकिरी पडली होती. त्या व्हेरिकोज व्हेन्स. आमची रिसेप्शनिस्टसुद्धा दारातून बघून दोन्हीतला फरक सांगते. मशीन लावायचीही गरज नव्हती.

मला दिसलं नाही असं झालं नाही. मला दिसलं.

रात्री शैलेंद्रला मी खरं सांगितलं. व्हिजिटर इन्शुरन्स जुनं दुखणं धरत नाही, म्हणून आत्ता बोलत नाही, असं म्हटलं. त्याला ते पटलं, मलाही दोन दिवस पटलं. पण खरं कारण ते नव्हतं. डॉक्टरांनी तुला बघितलं असतं तर दिवसभर उभं राहू नका, पाय वर ठेवून पडा, असं सांगितलं असतं. मग अनिकाला कोण घेणार होतं? मला नोकरी सोडून घरी बसावं लागलं असतं. सप्टेंबरपर्यंत निभावू दे, जाताना सांगू, असं मी ठरवलं. जाताना सांगितलं नाही, कारण मग जूनमध्ये का नाही सांगितलंस असं तू विचारलं असतंस.

ऑगस्टमध्ये माझ्या पायांवर पट्ट्या बघून तू घाबरली होतीस. मी स्टाफ म्हणून आमच्या डॉक्टरांकडून इंजेक्शनं घेतली होती. माझ्या खरोखर स्पायडर व्हेन्स होत्या, मांडीवर चार-सहा. शैलेंद्रच्या ऑफिसच्या पिकनिकला शॉर्ट्स घालायच्या होत्या. तुला म्हणाले, तुझ्यासारखंच आहे. तू म्हणालीस, तुझ्या गेल्या ना, छान झालं, माझ्या या वयात राहिल्या तरी कोण बघतंय. मग अनिकाला उचलून पुन्हा फेऱ्या मारायला लागलीस.

क्लिनिकच्या कपाटात अशा घट्ट पायमोज्यांचे ढीग होते. वीस-बावीस तासांच्या विमानप्रवासाला मी तुला एक जोड दिला नाही. दिला असता तर तू विचारलं असतंस, काही नाही तर हे कशाला.

पुढचं सगळं हिमानीने सांगितलं. गेल्या दिवाळीत घोट्याजवळ जखम झाली, ती महिनाभर हळद लावून झाकलीस. ती डॉक्टरकडे चल म्हणाली की 'अमेरिकेत बघितलंय' म्हणायचीस. डिसेंबरमध्ये बाथरूममध्ये शीर फुटली, हिमानीने टॉवेल आवळून पाय वर धरला आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. सर्जनने विचारलं, एवढं होईपर्यंत काय केलंत, तर तू माझं नाव अभिमानाने सांगितलंस. हिमानीने मात्र त्या रात्री मला फोन करून विचारलं, "मावशी, तुला तेव्हा दिसलं नव्हतं का?"

मी म्हणाले, कधी कधी मशीनमध्ये येत नाही.

तेव्हापासून ती मला फक्त ड्रेसिंग आणि सूज एवढंच सांगते. पोरगी हुशार आहे.

शैलेंद्र म्हणतो, लिहू नकोस, आता ट्रीटमेंट चालू आहे, सांगून काय मिळणार, तिला उगाच त्रास. त्याचं ऐकलं असतं. पण तू माझ्या शब्दावर उजवा पाय दाखवत नाहीस. ताई, माझ्यावर इतका विश्वास ठेवायला नको होतास. बघ, आत्ताही दोष तुझ्याकडेच सरकवतेय.

तू काय करशील ते मला माहीत आहे. पत्र वाचशील, घडी घालशील, आणि हिमानीला सांगशील की नीलू म्हणते उजवाही दाखवून घ्या. बाकीचं पोटात ठेवशील. आईचा ओरडा मी जन्मात खाल्ला नाही तो तुझ्यामुळेच, माझ्या हातून फुटलेली प्रत्येक कपबशी तू स्वतःवर घेतलीस. या वेळी पांघरूण घालू नकोस. हिमानीला हे पत्र वाचायला दे. तिने मला विचारलं त्याचं उत्तर यात आहे. सर्जननाही दाखव. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल, एवढं दाखव: जून २००६, डावा जांघेपासून घोट्यापर्यंत, उजवा गुडघ्यापर्यंत, दोन्ही पायांत रक्त उलटं येत होतं. तपासणारीला त्याच वेळी कळलं होतं.

ही लाज माझी आहे, ती माझ्याच नावावर राहू दे.

नीलांबरी